सकाळचा आवाज

"मोठीआय, आवाज एकदम मस्त आलाय तुमचा," उमेश म्हणाला. अर्धा किलो सुके बोंबील घेतले, वर दोन मागितले, मी दिले, आणि गाडीला किक मारता मारता मान वळवून म्हणाला, "सकाळचा पण."

तो गेला. डहाणू रोडच्या बाजारात माझ्या टोपलीपुढं धूळ उडाली आणि खाली बसली. मी तागडी धरून तशीच. समोरची गुजरातण विचारत होती, "मासी, शुं भाव?" मी भाव सांगितला तो आजचा की गेल्या हंगामातला, देव जाणे, कारण ती लगेच "दोन किलो द्या" म्हणाली. भाव चुकणारी बाई मी नाही. सकाळचा पण. सिनेमासाठी माझं बोलणं तर दुपारी घेतलं होतं. नरपडला, आमच्या घराच्या ओट्यावर, नवं लुगडं नेसून, डाव्या अंगाला माझी जाऊ देवकी, मधे चहाचे कप, ते पण देवकीच्या नातीच्या, कल्पिताच्या सांगण्यावरून रिकामेच. सकाळी मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. जित्या माणसाला तरी नाही. आणि मग पायाच्या अंगठ्यातून काहीतरी गार वर चढायला लागलं, ओल्या वाळूत उभं राहिलं की चढतं तसं, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. मी टोपलीवर फडकं टाकलं. शेजारची म्हणाली, "काय गो, आत्ताशी तर अकरा वाजले." मी म्हटलं, "तुझं तू बघ."

रिक्षात बसल्यावर सगळं आठवलं. शूटिंगच्या दिवशी उजाडताच कल्पितानं माइकचं डबडं माझ्या कमरेच्या पिशवीत ठेवलं, तंबाखूच्या डबीशेजारी, आणि त्याचं किड्याएवढं टोक पदराच्या आत खोचलं. उमेश आशागडचा, लग्नात स्पीकर लावतो, सिनेमाचा आवाज त्याच्याकडे. सूर्य वर येताना होड्या पाहिजेत म्हणून दोघं कॅमेरा घेऊन किनाऱ्याला पळाली. जाताना उमेश म्हणाला, "बंद करून ठेवू का?" मी म्हटलं, "राहू दे तिथंच. घडीघडी माझ्या पदराला हात लागलेला मला चालायचा नाही." कल्पिता हसली. "मग जपून बोल हं, मोठीआय." आणि मी, ही शहाणी, म्हणाले, "मी जपून बोलायला लागले तर तुझा सिनेमा बघंल कोण?" म्हणजे पोरीनं सांगितलं होतं. पण कॅमेरा गेला म्हणजे सगळं गेलं, असं मी धरून चालले. फोनवर बोलायचं तर माणूस तो कानाला लावतो, तोंडाशी धरतो. कमरेत तंबाखूशेजारी पडलेल्या डबड्याला कान असतील हे तिसरी शिकलेल्या बाईला कुठून सुचणार? दहावी शिकलेलीलाही सुचलं नसतं. उगाच माझ्या शिक्षणावर कशाला ढकलू.

वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबू-दोरीच्या रांगेपाशी, सकाळी मी एकटीच असते. कावळे हाकायचे, बोंबील परतायचे. बोंबील टांगताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीच्या दोन्ही अंगांना सोडतात. दातांनी दात धरलेले असतात, वारा कसाही येवो, सुटत नाहीत. सुकले की तर तोडावेच लागतात. अशा जोड्या सरकवत सरकवत मी बोलते. आमच्या माणसाशी बोलते. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तो होता तोवर मी त्याचं नाव कधी घेतलं नाही, आता घेते, त्याला काय कळतंय. भीमा, म्हणते, आज वारा उत्तरेचा आहे. भीमा, रविवारपर्यंत सुकतील. आणि त्या सकाळी मी काय म्हणाले ते रिक्षा नरपडच्या वळणाला लागेपर्यंत शब्दाला शब्द आठवलं. भीमा, आपल्यावर सिनेमा निघतोय. तू नाहीस ते बरं. ती कॅमेऱ्यात बघून विचारतील, त्या दिवशी ताप किती होता? काय सांगू? मिठाची पुरचुंडी तव्यावर किती तापवली होती ते सांगू? असं म्हणून मी हसले होते. बोललेलं एक वेळ वाऱ्यात विरलं असेल. हसणं आलं असणार. माझं हसणं मोठं आहे, चार घरं पलीकडं जातं.

सिनेमा बावीस मिनिटांचा. त्याचा सगळा डोलारा मी उभा केला, हे मी माझ्या तोंडानं सांगते कारण दुसरं कुणी सांगणार नाही. कल्पिता देवकीची नात, नोकरीला बाहेरगावी असलेल्या तिच्या धर्मेशची मुलगी. वसईच्या कॉलेजात हे कॅमेऱ्याचं शिकली आणि घरी येऊन म्हणाली, तुम्हा दोघींवर फिल्म करायची, दोन जावा, घरात आता पुरुष नाही, तीस वर्षं एका वलांडीवर. आधी पैशासाठी ती ठाण्याला कुणा साहेबाकडे गेली. मी सोबत गेले. साहेबानं कागद वाचला, चष्मा काढला, म्हणाला, "विषय छान आहे. पण यात घडतं काय?" मी म्हटलं, "साहेब, दोन जावा तीस वर्षं एका चुलीवर आहेत आणि दोघी जिवंत आहेत, याच्यापेक्षा काय घडायला पाहिजे तुम्हाला?" तो हसला आणि पैसे दिले नाहीत. मग मी घराघरांत गेले. पैसे नका देऊ, म्हटलं, एकेक जुडी सुके बोंबील द्या. कोण नाही म्हणतो बघू. त्या जुड्या घेऊन मी तलासरीच्या बाजारात बसले. डोंगराकडच्या बाया पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकं घेतात, माझी गिऱ्हाइकं जुनी, त्यातली शुक्री तर माझ्या सासूपासूनची. मी ओरडत होते, "सिनेमातले बोंबील घ्या गो!" शुक्रीनं आपल्या वाटची नाचणी पण टाकली त्यात, म्हणाली, "मग आम्हाला पण दाखव." दाखवते म्हटलं, जीप करून या. अच्छाडला एका ढाबेवाल्यानं जुना मोठा फ्लेक्स दिला, त्याची पाठ पांढरी, ती पडदा म्हणून. आणि सगळ्यांना, एकूण एक घराला, मी दम दिला, की लग्नाला आल्यासारखं येऊन जेवून जायचं नाही, नीट बघायचं, आणि आवाज गेला तर गप्प बसायचं नाही, ओरडायचं. आमच्या घामाचा सिनेमा आहे. माणसं जमवणं सगळ्यांना येत नाही म्हणतात. पुण्याला स्पर्धेत पाठवायची आहे, तिथं बघणारे मिळतील न मिळतील, इथं दोनशे माणूस मी उभं केलं. माझंच ऐकायला.

घरात शिरले तर देवकी दारात बसून लुगड्याचा काठ शिवत होती, उद्याच्या सिनेमासाठीचं लुगडं. नवा चष्मा नाकावर. "लवकर आलीस, बाय?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." ती उठायला लागली. "पट्टी ठेवू?" मी इतकी जोरात नको म्हणाले की तिची सुई बोटात गेली. तिनं बोट तोंडात धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. पट्टी. हा शब्द या घरात कुणी काढला की मला तवा दिसतो.

तीस वर्षं झाली. एकच होडी, दोन भाऊ, माझा भीमा आणि देवकीचा लक्ष्या, पाळीपाळीनं जायचे. त्या दिवशी पाळी आमची. आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा इशारा आला होता, पण जाळं दर्यात खुंटाला बांधलेलं, ते तसंच सोडलं तर फाटून जाणार, कुणीतरी जाऊन काढायला पाहिजे होतं. माझा बाप असाच जाळं काढायला गेला होता, तो आलाच नाही. मी पहाटे उठले, तव्यावर खडे मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि झोपलेल्या नवऱ्याच्या कपाळावर, गालांवर, मानेवर धरलं. तो जागा झाला. मी म्हटलं, "तुला ताप आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही ऐकून घेणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण मला वाटतं, त्यालाही जायचं नव्हतं. त्यानं डोळे मिटले. एवढंच. आमचा दोघांचा मिळून गुन्हा तेवढाच आहे, एक मीठ आणि एक डोळे मिटणं. पुरचुंडी मी माझ्या पदराखाली लपवली, तिचा चटका पोटाला बसला, डाग आहे अजून. तेवढ्यात देवकी आली, हातात ओली पट्टी. मोठ्या दिरापुढं ती कधी डोक्यावरचा पदर सोडून उभी राहिली नाही, पण त्या दिवशी तिनं उलटा हात त्याच्या कपाळाला लावला. लाजेनं चटकन काढला. "बाय गो, किती तापलेत भावजी!" आणि तिथूनच वळून आपल्या नवऱ्याला हाक मारली. "अहो, तुम्हीच जा आज."

लक्ष्या गेला. जाताना मला म्हणाला, "वैनी, भाकर दुपारची पण बांध." तिसऱ्या दिवशी होडी उंबरगावच्या बाजूला लागली, रिकामी. धर्मेश तेव्हा बारा वर्षांचा. त्या दिवसापासून देवकी म्हणते, मीच पाठवलं. सणाला म्हणते, धर्मेशच्या लग्नात म्हणाली, तापात बडबडली तरी तेच. आणि मी तिला जवळ घेते. तीस वर्षं मी तिला जवळ घेते आहे. गाव म्हणतं, जयवंतीनं जावेला बहिणीसारखं सांभाळलं, तिच्या पोराला शिकवलं, होडी विकून दोघींच्या नावानं वलांडीची जागा घेतली. खोटं नाही यातलं काही. सिनेमात पण ते आहे. ओट्यावर बसून देवकी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मीच जा म्हटलं त्यांना," आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवला, म्हणाले, "तुझा काय गो दोष." त्या दिवशी दुपारी असं म्हणताना माझा आवाज हलला नाही. सरावाचा होता. आता त्याच्या मागे सकाळचा लावला, तो हसणारा, मिठाची पुरचुंडी सांगणारा, तर? एकामागोमाग एक, फ्लेक्सच्या पाठीवर, दोनशे माणसांत. साहेब, यात काय घडतं ते बघायला या आता.

कल्पिता मागच्या खोलीत होती. लॅपटॉपवर निळ्या रेघा, डोंगरासारख्या, चढलेल्या उतरलेल्या. कानांवरचं काढून म्हणाली, "बस ना."

"हे काय?"

"हा तुझा आवाज."

मला माझा आवाज कधी दिसला नव्हता. इतका टोकदार असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "यातला सकाळचा कुठला?"

तिनं बोट ठेवलं. छोटे छोटे उंचवटे, आणि मधेच एक मोठा. ते हसणं. मी ओळखलं.

"तू ऐकलंस?"

"ऐकावं लागतं, मोठीआय. कापायचं तर आधी ऐकावंच लागतं."

"मग कापलंस?"

तिनं स्क्रीनकडे बघितलं. तिची हनुवटी लक्ष्याची आहे, मधे खळगी, लहानपणी मी त्यात तीट लावायची. "उद्या किती माणसं येतील?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस?"

"तूच बोलावलीस ना सगळी. आजीनं नवा चष्मा घेतलाय उद्यासाठी." आणि कानांवरचं परत कानांवर चढवलं.

मी तिला वाढवलं. चार शिव्या घालून, झिंज्या धरून उठवू शकले असते. लॅपटॉपशेजारी पाण्याचा तांब्या होता, भरलेला. एक धक्का लागला असता, म्हाताऱ्या बाईचा हात, कोण बोललं असतं? मी तांब्या उचलला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पण लॅपटॉप हलवला पण नाही, तिथंच राहू दिला, तांब्याच्या तोंडाशी. मी पाणी प्याले आणि तांब्या खाली ठेवला.

मग शुक्रीला फोन लावला. म्हटलं, सिनेमा बिघडलाय, येऊ नका. ती म्हणाली, "बिघडू दे की, बाय. जीप ठरली. आमची नाचणी गेलीय त्यात, जेवढा असंल तेवढा बघू." शेजारच्या तीन घरांत सांगितलं, पुढं ढकललाय. तिन्ही घरं हसली. जयवंतीबायला लाज वाटायला लागली बघा सिनेमाची, नटी झाली ना. माझं कुणी खरं धरलं नाही. इतकी वर्षं जे खोटं सांगितलं ते सगळ्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी दिवस कलता कलता सोसायटीच्या अंगणात, जिथं मासळीचा लिलाव होतो तिथं, सतरंज्या पडल्या. उमेशनं दोन बांबूंवर फ्लेक्स ताणला. मागचा रस्त्यावरचा दिवा लागला तशी पलीकडची छपाई पाठीतून दिसायला लागली, उलटी अक्षरं आणि एक मोठी तंदुरी रोटी. माणसं हसली. डोंगराकडची जीप आली, शुक्री पुढच्या रांगेत ऐसपैस बसली. मी मागं बसायला बघत होते, देवकीनं हात धरून पुढं ओढलं. "आपला सिनेमा, आपण मागं कशाला?" ती माझ्या डाव्या अंगालाच बसली, सिनेमात बसते तशी. तिचा हात माझ्या मांडीवर. मिठानं चिरा पडलेला, खरखरीत. कल्पिता लॅपटॉपजवळ उभी होती आणि पडद्याकडे बघत नव्हती, आमच्याकडे बघत होती.

सुरू झाला. वलांड्या, कावळे, माझे पाय. माणसं ओरडत होती, ती बघ माझी होडी, तो बघ माझा कुत्रा. ओटा आला. देवकी पडद्यावर म्हणाली, "मीच जा म्हटलं त्यांना." शेजारी बसलेल्या देवकीनं ते ऐकून मान खाली घातली. माझा हात पडद्यावर तिच्या पाठीवरून फिरला, माझ्या तोंडावरून रोटी गेली, आणि मी म्हणाले, तुझा काय गो दोष. टाळ्या पडल्या. मग उजाडायला लागलं. पडद्यावर. लांबून, किनाऱ्यावरूनच घेतलेलं असणार, ते मला माहीतच नव्हतं: वलांडी, आणि तिच्या मागं मी, एवढीशी, जोड्या सरकवणारी. तोंड हलतंय. माझ्या पोटावरचा डाग पेटल्यासारखा झाला. आत्ता. आत्ता.

आवाज नव्हता. वारा नव्हता, दर्या नव्हता, काहीच नव्हतं. मी पडद्यावर बोलत होते, मान हलवत होते, मग मान मागं टाकून हसले. मुकं. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. सुटले, असं वाटायच्या आतच शुक्री उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

"आवाज गेला! ए पोरी, आवाज गेला!"

"आवाज!" सगळं अंगण ओरडलं. मीच शिकवलं होतं. उमेश म्हणाला, "गेलेला नाही, तसंच आहे ते." कुणी ऐकेना. परत लाव, परत लाव. कल्पितानं मागं घेऊन परत लावलं. परत मी मुकी बोलले, मुकी हसले. या वेळी कुणी ओरडलं नाही. तिनं ते तिथंच थांबवलं, माझं तोंड उघडं असताना. शुक्री वळली. "जाऊ दे यंत्र. ही काय, जिती बसलीय इथं. सांग गो बाय तूच, काय बोलत होतीस एवढं?" जिला गप्प बसवायला माणसं दमली, ती काय बोलत होती हे ऐकायला सगळी थांबली. मी कल्पिताकडे बघितलं. तिनं नजर हटवली नाही. कापलं पण नव्हतं तिनं आणि लावलं पण नव्हतं. जागा ठेवली होती.

काय वाटेल ते सांगता आलं असतं. कावळ्यांना शिव्या घालत होते, म्हटलं असतं, आणि अंगण हसून लोळलं असतं. जिभेवर आलं होतं. देवकीनं नवा चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे वळली. "सांग की, बाय. हसलीस कशाला एवढी?"

माझे दात दातांवर बसलेले होते. ते मी सोडवले.

"ताप नव्हता," मी म्हणाले.

"काय म्हणाली?" मागून कुणी विचारलं. "कुठला ताप?" शुक्री म्हणाली, "मोठ्यानं बोल, बाय." पण मला आणखी बोलायची गरज नव्हती. मांडीवरचा हात थांबला होता. त्यातला जीव गेल्यासारखा जड झाला, मग उठला. मला वाटलं, आता ती मारेल, आणि खरं सांगते, मी तोंड पुढं केलं. देवकीनं उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला. गार, खरखरीत. पडद्यावर मी तोंड उघडं टाकून थांबले होते, त्याचा उजेड तिच्या चष्म्यावर होता, म्हणून तिचे डोळे मला दिसत नव्हते. मी वाट बघत होते, ती हात काढेल. या वेळी तिला घाई नव्हती.